सहा काड्या आणि एक कान

आमच्या सरांशी बोलायचं तर उजव्या बाजूनं जायचं, हे कोल्हापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. डाव्या बाजूनं गेलात की मेलात. तुम्ही आपले ‘सर, सर’ करत ताटकळणार आणि सर शांतपणे तांब्याची तार सोलत बसणार. लहानपणी त्यांचा डावा कान फुटला होता. त्यांच्या गावी, नेसरीत, तेव्हा कानात कोमट तेल घालण्यापलीकडं कुणी काही केलं नाही, आणि तो कान गेला तो गेलाच.

एका कानाच्या माणसाला ऐकू येतं, पण आवाज कुठनं आला ते कळत नाही. मला हे माहीत नव्हतं. “दोन कान असल्यावर दिशा फुकटात मिळती,” सर म्हणायचे, “मला ती शोधावी लागती.” म्हणून प्रयोगशाळेत ते फिरत्या स्टुलावर बसत. दारातनं कुणी हाक मारली की स्टूल फिरायला लागायचं. एक पूर्ण गिरकी. आवाज ज्या बाजूला सगळ्यात मोठा, तिथं थांबायचे, उजवा कान पुढं करायचे आणि म्हणायचे, “हां, बोल.” नवीन माणसाला वाटायचं, या गृहस्थाचा स्क्रू ढिला आहे. मला तर पहिल्या दिवशी हसू आवरेना. पुढं त्याच गिरकीवर मी प्रबंध लिहिला, म्हणजे हसल्याची फेड झाली म्हणायची.

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. कुणालाच मारली नाही.

“गाव?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“मलकापूर.”

“शाहूवाडीचं?”

“हो सर.”

स्टूल फिरलं आणि हात सरळ खिडकीबाहेर गेला. “पन्हाळ्याच्या जरा डावीकडं. तिथनं आलीस व्हय? बस.”

त्या दिवसापासून मी मलकापूर. “ओ मलकापूर, जरा पक्कड दे.” आणि गावाचं नाव घेताना हात त्या गावाकडं गेलाच पाहिजे. साठ पोरांची हजेरी घेताना सर चौकातल्या पोलिसासारखे दिसायचे. कुरुंदवाड म्हटलं की हात पूर्वेला, गडहिंग्लज म्हटलं की दक्षिणेला. एकदा एक पोरगा म्हणाला, “सर, आमचं गाव नाही, आम्ही कोल्हापूरचेच.” सरांनी बोट फरशीकडं केलं. “मग तुला हाक मारताना खाली बघावं लागंल की रं.” तो पोरगा चार वर्षं ‘खालचा’ म्हणून ओळखला गेला.

आता सर रिटायर होऊन नेसरीलाच असतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात. फोन केला की पहिला प्रश्न, “कुठनं बोलतीस?” पुण्यातनं म्हटलं की मागं खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. उत्तरेकडं तोंड करून बसल्याशिवाय ते बोलायला लागत नाहीत. मोबाईलला त्यानं काडीचा फरक पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण सवय ती सवय.

सर नेमकं करत काय होते, ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर छोट्या पेट्या ठेवायच्या. पेटीत पाणी नाहीतर ओल मोजणारा सेन्सर, एक बॅटरी, आणि बिनतारी बोलायला अँटेना. पहिली पेटी दुसरीला सांगणार, दुसरी तिसरीला, असं करत बातमी गावात पोचणार. अडचण एवढीच की साधी अँटेना चहूकडं सारखीच ओरडते. ऐकणारा एकीकडं, आणि हिचा निम्मा जीव उसाला, विहिरीला आणि बांधावरच्या बाभळीला बातमी सांगण्यात जातो. बॅटरी त्यातच बसते.

सरांची अँटेना वेगळी. मधे एक तांब्याची काडी आणि तिच्याभोवती सहा. भोवतीची काडी एका बारीक स्विचनं जमिनीशी जोडली की ती आरसा होते, आवाज मागं परतवते. सोडली की ती जणू तिथं नाहीच. कुठल्या जोडायच्या, कुठल्या सोडायच्या, हे पेटीनंच ठरवायचं. हलत काहीच नाही, पण तोंड फिरतं. बोलायच्या आधी पेटी सहाही दिशांना कान देणार, जिकडनं नीट उत्तर येईल तिकडंच बोलणार. म्हणजे सरांचं स्टूलच की ते.

“म्या काय नवीन केलं न्हाई,” ते म्हणायचे. “आयुष्यभर जे करतोय ते पेटीला शिकवलं.”

पहिली अँटेना त्यांनी सायकलच्या तारा काढून केली होती, असं जुने लोक सांगतात. त्यांची सायकल मात्र शेवटपर्यंत मागच्या चाकात लंगडत होती.

कोल्हापुरात दोन माणसं गप्पा मारत असली तरी लांबून भांडण वाटतं. अशा गावात हा माणूस हळू बोलायची विद्या शिकवत होता. कँटीनमध्ये सुट्टीत दोनशे पोरं एकदम ‘मामा, दोन कट चहा, मामा, एक वडा’ म्हणून बोंबलायची. सर शांतपणे काउंटरच्या बाजूला जाऊन मामांच्या कानाशी वाकायचे, दोन शब्द बोलायचे, आणि सगळ्यांच्या आधी त्यांचा चहा यायचा. मग कप आमच्यासमोर ठेवून म्हणायचे, “बघितलंसा? सगळीकडं वरडून घसा जातो. ज्याला ऐकायचंय त्याच्याकडं तोंड करा.” मामा सांगायचे, “अहो, मास्तर हाईत म्हणून देतो आधी.” पण हे सरांना डाव्या बाजूनं सांगितलेलं असायचं.

त्या डाव्या कानाचेही उपयोग होते. कुणी दुसऱ्याची चुगली घेऊन आला की स्टूल अर्धं फिरायचं आणि डावा कान पुढं यायचा. “ह्या कानाला सांग. ह्यो लई विश्वासू हाय, कुणाला काय सांगत न्हाई.” चुगली करणारा ओशाळून निघून जायचा.

मला मात्र वेगळा प्रसंग आठवतो. एकदा प्रयोगशाळेतच वडिलांचा फोन आला. शिक्षण पुरे, स्थळ चांगलं आहे, वगैरे. मी भांडले, मग रडले. सर तिथंच, हातभर अंतरावर. उठून बाहेर गेले असते तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ते उठले नाहीत. नुसतं स्टूल फिरवलं, डावी बाजू माझ्याकडं केली आणि तार सोलत राहिले. माझं बोलणं संपल्यावर परत फिरले आणि म्हणाले, “मलकापूर, सहा नंबरची काडी वाकडी बसलीया बघ.” एवढंच. नोकरी लागेपर्यंत लग्न नाही, यावर शेवटी वडील कबूल झाले.

आणखी एक नियम होता. दुसऱ्याची वही, दुसऱ्याचा डबा आणि दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम, विचारल्याशिवाय उघडायचा नाही. काड्या सरांच्या, प्रोग्रॅम माझा. काय लिहिलंस म्हणून त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. विश्वास म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

कुरुंदवाडच्या अलीकडं एक गाव आहे. गावाला ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडं मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. बऱ्याच लोकांची जनावरं त्या पलीकडच्या गोठ्यांत. मधे एक बुटकी फरशी, तीच पूल. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं. गावात पाऊस नसला तरी ओढा चढतो. फरशीवर पाणी आलं की माणसं अलीकडं आणि जनावरं पलीकडं, दाव्याला बांधलेली. म्हैस मोकळी असेल तर पोहून निघते, पण दाव्याला बांधलेली काय करणार?

तिथं सरांनी पेट्या लावायचं ठरवलं. ओढ्याच्या तोंडापासून गावापर्यंत चार पेट्या, आणि दूध संस्थेच्या छतावर भोंगा, त्याची पेटी आणि बातमी पोचतेय हे दाखवणारा हिरवा दिवा. पहिल्याच दिवशी आक्का भेटली. आक्का संस्थेत दुपारी दुधाचे कॅन धुवायची. तिचा गोठा मळीत सगळ्यात खाली. दोन दुभत्या म्हशी आणि एक गाभण रेडी, जन्मापासून हातावर वाढवलेली. नवरा गेल्यावर तिचं घर त्या तीन जनावरांवर चाललेलं.

“आक्का, पाणी फरशीच्या हातभर खाली आलं की भोंगा वाजंल,” सर म्हणाले. “वाजला की निघायचं.”

“आणि न्हाई वाजला तर?”

“वाजंल.”

“मास्तर, मी विचारलं, न्हाई वाजला तर?”

सरांनी हातातली पेटी खाली ठेवली. “तर मला धरायचं.”

चौथी पेटी बापू नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर होती. बापूंनी डोकं खाजवलं. “सर, खांब हितं नांगरटीला आडवा येणार बघा.”

“मग हलवा की. पाच पावलं हलवा, पन्नास हलवा. मला विचारूबी नका. पेटी शोधून काढती.”

बापूंचा विश्वास बसेना. मग सरांनी त्यांच्याच खांद्यावर खांब दिला आणि शेतभर फिरवलं. बापू झेंडा मिरवल्यासारखे बांधाबांधानं चालतायत, मागं निम्मं गाव हसतंय, आणि संस्थेच्या छतावरचा हिरवा दिवा काही विझून राहत नाही. थोडा वेळ जायचा, पेटी सहा बाजूंना चाचपायची, पण बापूंना गाठायचीच. त्या दिवशी सर इतके खुशीत होते की परत येताना एसटीत मला म्हणाले, “मलकापूर, अकरा वर्षं गेली ह्यात. पण आज बापू चालला बघ.”

ही सगळी गोष्ट माझ्या एका ओळीनं मातीत घातली. ते आता सांगायला हवं.

उन्हाळ्यात माझं काम तपासायला बाहेरून तिघांची समिती आली. पदवी त्यांच्या हातात, आणि पदवीवर पुण्याची नोकरी. सरांची पेटी सावकाश बोलायची. एकेका पेटीचं कान देणं मिनिटभर चालायचं, तीन नंबरची तर त्याहून जास्त. “नीट ऐकल्याबिगर बोलायचं न्हाई,” हा सरांचा हट्ट. डोक्यावर रुमाल टाकून बांधावर उभ्या असलेल्या समितीला हा हट्ट कोण समजावून सांगणार? मी आदल्या दिवशी गुपचूप जाऊन तीन नंबरच्या पेटीत एक ओळ घातली. शोधू नकोस, सहा दिशांतल्या दुसऱ्या दिशेलाच कायम बोल. चौथी पेटी तिकडंच तर होती. दुसऱ्या दिवशी बातमी डोळ्याचं पातं लवायच्या आत संस्थेवर पोचली. समिती खूश.

“तीन नंबर आज लई चपळ झालाय की,” सर म्हणाले. मी हसले.

ती ओळ काढायला अर्धा तास लागला असता. खांबावर चढायचं, पेटी उघडायची, लॅपटॉप जोडायचा. उद्या करू म्हटलं. मग प्रबंधाची धावपळ, मग मावसबहिणीचं लग्न, मग पाऊस. उद्या काही उजाडला नाही.

सरांच्या शिस्तीप्रमाणं रोज सकाळी आठला पेट्यांची हजेरी व्हायची. संस्थेवरच्या पेटीत मोबाईलचं सिम होतं, त्यामुळं कोल्हापुरात बसून कळायचं. एक नंबर? हजर. दोन नंबर? हजर. हे काम माझं. आषाढात चार दिवस मागच्या तिन्ही पेट्या दोन-तीन हाकांनंतर ओ द्यायला लागल्या. मी म्हटलं, ऊस डोक्यावर गेलाय, पानं भिजलीत, तेवढं चालायचंच. आणि वहीत लिहिलं, हजर. बापूंनी खांब चाळीस पावलं पलीकडं नेलाय, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं. सरांनीच तर सांगितलं होतं, विचारू नका म्हणून.

पाचव्या दिवशी दुपारी धो धो पाऊस लागला आणि नदी ओढ्यात शिरली. पहिल्या पेटीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. तिसरी माझ्या ओळीप्रमाणं बांधाच्या रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून सांगत राहिली, आणि त्या पावसात चौथीला आता पुसटही ऐकू गेलं नाही. भोंगा गप्प.

आक्का कॅन धूत होती. कुणीतरी पळत येऊन सांगितलं तेव्हा फरशीवर कमरेएवढं पाणी होतं. ती तशीच शिरली. गोठ्यात छातीएवढं. विळ्यानं दोन म्हशींची दावी कापली. रेडीचं दावं खाली खुंट्याला, पाण्यात सापडेना. सापडेपर्यंत ती घसरली, मनगट मोडलं. थोरल्या म्हशीच्या शेपटीला धरून ती बाहेर आली. रेडी दोन दिवसांनी उसात मिळाली.

पाणी उतरल्यावर सर आणि मी गेलो. संस्थेसमोर माणसं जमली होती. आक्का पायरीवर, हात प्लास्टरमध्ये.

“मास्तर, न्हाई वाजला,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“न्हाई वाजला, आक्का. चूक माझी.”

बापू गर्दीतनं पुढं आले. “सर, खांब मी हलवलाता. पाणी यायच्या आदी चार-पाच दिस.”

“मीच सांगितलंतं हलवा म्हणून. तुमचा काय दोष न्हाई, बापू.”

“मग पेटीनं शोधलं का न्हाई?” मागनं कुणीतरी विचारलं.

“ते मला म्हाईत न्हाई,” सर म्हणाले. “बघतो.”

मला माहीत होतं. बापूंनी तोंड उघडलं त्या क्षणी कळलं होतं. मी सरांच्या डाव्या बाजूला उभी होते. पदवीचा शेवटचा कागद सहीला गेला होता, पुण्याचं पत्र पिशवीत होतं. एक शब्द बोलले तर दोन्ही जाणार, आणि मलकापुरात वडील स्थळाची वाट बघत बसलेले. माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही.

सरांनी तीन आणि चार नंबरच्या पेट्या कोल्हापूरला आणल्या आणि कॉलेजच्या गच्चीवर मांड ठोकली. स्टूलसुद्धा वर नेलं. पावसाची उघडीप मिळाली की मोजायला लागायचे. आपण डागलेल्या तारांच्या सांध्यांवर संशय, आपल्या स्विचवर संशय, आपल्या हिशोबावर संशय. सहा काड्या काढल्या, नव्या बसवल्या, पुन्हा काढल्या. माझ्या प्रोग्रॅमला हात लावला नाही. उघडू का, असंही विचारलं नाही. त्यांच्या मनातच आलं नसावं. हाताची बोटं चिरलेली असायची. आम्हाला वाटायचं, तारेनं.

एकविसाव्या दिवशी मी गच्चीवर गेले तेव्हा त्यांनी एक कागद पुढं केला. “शुद्धलेखन तेवढं बघ गं.”

प्राचार्यांना अर्ज होता. ही अँटेना भरवशाची नाही असे माझ्या लक्षात आले आहे. मी सर्व पेट्या काढून घेत आहे. यापुढे विद्यार्थ्यांना हे काम देऊ नये. चूक सर्वस्वी माझी आहे.

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सर परत स्टुलावर बसून काडी घासायला लागले. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि बोलले. सगळं बोलले, हळू आवाजात. ते घासत राहिले. मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली म्हणून सांगू. सांगितलंही आणि सांगितलं नाहीही. अशी चलाखी मी त्या माणसाशी करत होते. जिन्यापर्यंत गेले. मग परत आले, दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि फिरवलं. त्यांचा उजवा कान माझ्यासमोर आला.

“सर, पेटी चुकली नाही. मी चुकले.”

आणि पहिल्यापासून सांगितलं.

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे ती ओळ नसती तर शोधली असती?”

“शोधली असती सर.”

“नक्की?”

मी तीन नंबरला लॅपटॉप जोडून ओळ काढली. चार नंबरची पेटी उचलून गच्चीच्या एका कोपऱ्यात गेले. थोडा वेळ गेला. हिरवा दिवा. दुसऱ्या कोपऱ्यात. हिरवा दिवा. टाकीच्या मागं जाऊन बसले, तिथंही. सरांनी मांडीवर थाप मारली. “आयला, बरोबर हाय की गं! अँटेना बरोबर हाय!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर बापू चालले त्या दिवशी पाहिला होता, आणि आज. मग तो हळूहळू उतरला.

“पण रेडी गेली की,” ते म्हणाले.

“तुम्ही म्हणाल तसं लिहून देते सर. प्राचार्यांना, समितीला.”

“ते तू देशीलच. पण मला आणि प्राचार्यांना सांगून काय हुणार?” त्यांचा हात उठला आणि पूर्वेला गेला. “ज्याला ऐकायचंय तिकडं तोंड कर. उद्या सहाची एसटी.”

समितीनं पदवी वर्षभर मागं ठेवली. ती नोकरी गेली, दुसरी मिळाली. वडील महिनाभर बोलले नाहीत, मग बोलले. हे सगळं झालं, पण ते नंतरचं. सहाच्या एसटीत मी जेवढी घाबरले होते तेवढी पुन्हा कधीच घाबरले नाही.

हात बरा होईपर्यंत आक्कानं गोठा अलीकडं, घरामागं आणला होता. सर आत गेले, शर्ट काढून खुंटीला अडकवला, कोपऱ्यातला विळा न विचारता उचलला. थोरल्या म्हशीनं मान वळवून त्यांचा हात हुंगला.

“मास्तर, आज उशीर केलासा,” आक्का म्हणाली.

“एसटी पंक्चर झालती.”

मी बघतच राहिले. एकवीस दिवस हा माणूस रोज पहाटे निघून इथं येत होता. आक्काचा हात मोडला म्हणून वैरण कापत होता, शेण काढत होता, आणि दहाच्या तासाला कॉलेजात हजर होत होता. बोटं उसाच्या पाल्यानं चिरली होती.

मी आक्कासमोर खाली बसले आणि सांगितलं. ओळ का घातली ते, काढली का नाही ते, हजेरीच्या वहीत काय लिहिलं ते, आणि संस्थेसमोर कळलं असूनही गप्प का राहिले ते. आक्का ऐकत होती. 

“चांदी म्हणत हुतो तिला,” शेवटी ती म्हणाली. “कपाळावर पांढरं हुतं.” तिनं सरांकडं बघितलं. “मास्तर रोज येत हुता. आणि तुला म्हाईत असून तू गप.”

“हो आक्का.”

“लई वाईट केलंस बघ पोरी.”

“हो.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मलाही आवरेना. मी तिच्या पायाशी हमसून हमसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं. थोपटलं नाही, समजूत घातली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “भोंगा परत कवा लावतीस?”

“लावू?”

“अजून दोन हाईत न्हवं. लाव. पण तू स्वतः लाव. आणि सालाला पाऊस सुरू व्हायच्या आधी येऊन मला तोंड दाखवून जायचं. पेटी उघडून बघायची, मगच जायचं.”

आज तिथं सात पेट्या आहेत. दर मृगाच्या आधी मी जाते, सातही उघडते, प्रत्येकीला सहा बाजूंना कान देताना बघते, आणि मग आक्काकडं चहा घेते. भोंगा तीनदा वाजला आहे, आणि तिन्ही वेळा आक्का जनावरं घेऊन वेळेत फरशी ओलांडून आली. गावात लोक तो सरांचा भोंगा म्हणून सांगतात.

पण माझ्या डोळ्यांसमोर ती पहिली सकाळच राहते. मी डोळे पुसून मान वर केली तेव्हा सर चार पावलांवर दोन म्हशींच्या मधे उभे होते, हातात वैरणीची पेंढी. मी बोलायला बसले तेव्हाची ती पेंढी अजून तशीच हातात होती. गोठ्यात उभं राहायला दुसरी जागा नव्हती असं नाही. पण तिथं थांबायचं आणि माझं काही ऐकायचं नाही, यासाठी तेवढी एकच बाजू होती. सर भिंतीकडं बघत होते, डावा कान आमच्याकडं करून.